शेवगावच्या खजिन्याकडे

चपला काढून ठेवा. साल १९००, दुष्काळ, वैशाखाचं ऊन, आणि तिसगावच्या महारवाड्यात पायात वहाण असलेलं माणूस सापडायचं नाही. फुफाटा टाचा भाजतोय. ओढ्याकडून वारा सुटला की मेलेल्या गुरांचा वास नाकात बसतो. नाक दाबून उपयोग नाही, तो तोंडातही उतरतो. पोरांचे ओठ लालभडक दिसताहेत ना? निवडुंगाची बोंडं खाऊन झालेत. घ्या एक. आधी मातीत घोळवून कुसं काढा, मग सोला. गोड लागेल, बिया दाताखाली कडकडतील, आणि राहिलेलं एखादं कुस जिभेत दिवसभर सलेल.

चावडीवर साऱ्याची वसुली चाललीय. कुलकर्ण्यांचा बोरू करकरतोय. घामानं चिकट झालेला एक रुपया तुमच्या हातात येतो. त्यावर मुकुट घातलेली व्हिक्टोरिया राणी. टाका तो पिशवीत. ही पिशवी शेवगावच्या खजिन्यात पोचवायची, हे काम महारकीचं, म्हणजे महारांवर वतनानं आलेल्या गावचाकरीचं. आज ज्याची पाळी आहे तो ख्रिस्ती झालाय, पण बाप्तिस्मा घेतला म्हणून महारकी सुटत नाही.

निघण्याआधी तो निंबाखाली टेकतो. तिथं मिशनचे मास्तर शुभवर्तमान वाचताहेत आणि आज नेमकी नाण्याचीच गोष्ट निघालीय. नाण्यावर छाप राजाची, ते राजाला द्या. माणसावर छाप देवाची, असं मास्तर समजावतात.

"मास्तर," कोपऱ्यातली म्हातारी विचारते, "राणीचं राणीला पोचतंय. देवाचं लेकरू हितं उपाशी हाय, त्याचं कोन पोचवतंय?"

त्या दुपारी याहून खरा धर्मप्रश्न कुणी विचारला असेल, असं मला वाटत नाही. मास्तरही तो टाळत नाहीत. दुष्काळी कामावर खडी फोडायची मजुरी सरकारी तिजोरीतूनच येते, हे ते सांगतात. अमेरिकेतून मदत येतेय, नगरचे मिशनरी ह्यूम साहेब तिचा कारभार बघतात. मक्यानं भरलेलं 'क्विटो' जहाज मुंबईच्या वाटेवर आहे. मग आवाज खाली येतो. "आजी, सारा भरणं पाप नाही. पण सारा भरला म्हणून शेजाऱ्याचं देणं फिटलं, असं प्रभूनं कुठं सांगितलं नाही."

टोपली फिरते. कुणी मूठभर हुलगे टाकतं, कुणी नुसताच हात लावतं. ज्याच्या घरी आज चूल पेटली नाही, त्याच्याकडे ती जाणार.

चला आता, पिशवी तुम्ही घ्या. जड आहे, पाठीवर आदळत राहील. रस्त्याच्या कामावर शेकडो हातोड्या एकदम पडताहेत, कपच्या उडताहेत, धुळीनं माणसं पांढरी झालीत. त्या रांगेत आपल्या पाळीवाल्याची बायको आहे. ठरलेला ढीग भरला नाही तर मजुरी कापतात, म्हणून ती मान वर करत नाही.

"तिला पैसं मिळालं की टोपलीत मूठभर टाकीन म्हनतो," तो चालता चालता सांगतो. "पर आधी पोरांचं बघाया पायजे." मग तुमच्याकडे वळून, "पाय उचला, पाव्हणं. शेवगाव लांब हाय."