औष्णिक मृदाशुद्धी

घातक रसायनांनी दूषित झालेली माती तापवून त्या रसायनांची वाफ करणे आणि ती वाफ पकडणे, या तंत्राला औष्णिक मृदाशुद्धी म्हणतात. हे भस्मीकरण नव्हे. भस्मीकरणात सुमारे 870° ते 1,200° से. तापमानाला द्रव्य जाळले जाते. येथे साधारणपणे 90° ते 560° से. पुरते. उष्णतेने विष मातीतून सुटते, नाहीसे होतेच असे नाही. त्यामुळे भट्टीइतकेच महत्त्व वाफ पकडणाऱ्या यंत्रणेला असते.

पद्धती : माती उपसून फिरत्या भट्टीत तापवतात किंवा जागेवरच बोअर घेऊन त्यांत विजेचे तापक सोडतात. निघालेली वाफ पंपाने ओढून थंड करतात. उरलेला वायू सक्रियित कार्बनमधून गाळतात किंवा जाळतात. व्हिएतनाममधील दा नांग विमानतळावर डायऑक्सिन या विषारी रसायनाने दूषित झालेली माती बंदिस्त ढिगात सुमारे 335° से. पर्यंत तापवली गेली. ते काम 2018 मध्ये संपले.

मर्यादा : पेट्रोल, विद्रावके, डांबरातील काही द्रव्ये आणि पारा या उपायाने निघतात, शिसे व क्रोमियम बहुतांशी मातीतच राहतात. ओल्या चिकणमातीत बरीच ऊर्जा पाणी उडवण्यातच खर्ची पडते. जास्त तापलेल्या मातीतले सूक्ष्मजीव मरतात, सेंद्रिय अंश घटतो; झाडे लावायची तर खत मिसळावे लागते.

भारतातील उदाहरण : तमिळनाडूतील कोडाईकनाल येथे हिंदुस्तान लिव्हरचा थर्मामीटर कारखाना होता. पाऱ्याच्या प्रदूषणावरून ओरड झाल्यावर 2001 मध्ये कारखाना बंद पडला. नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने माती धुऊन नंतर रिटॉर्टमध्ये, म्हणजे बंद पात्रात, तापवण्याची शिफारस केली. पारा सुमारे 357° से. तापमानाला उकळतो, त्याची वाफ थंड केली की तो पुन्हा द्रवरूपात हाती येतो. शुद्ध केलेल्या मातीत किलोमागे 20 मिलिग्रॅमपर्यंत पारा चालेल, असे ठरले. ही मर्यादा फार सैल आहे, असा आक्षेप पर्यावरण कार्यकर्त्यांनी घेतला.

मुंबईचा संदर्भ : 1865 पासून मुंबईचे रस्ते गॅसच्या दिव्यांनी उजळले. बॉम्बे गॅस कंपनी दगडी कोळशापासून गॅस तयार करीत असे. लालबागची गॅस कंपनी लेन तिचेच नाव सांगते. अशा कारखान्यांत डांबर हे उपउत्पादन निघते आणि आसपासच्या जमिनीत मुरू शकते. त्यातील नॅप्थॅलीन 218° से. तापमानाला उकळते, म्हणून परदेशांत जुन्या गॅस कारखान्यांच्या जमिनींवर हे तंत्र वापरले गेले आहे. मुंबईत मात्र उथळ भूजल आणि चार महिन्यांचा पाऊस यांमुळे जमीन जागेवर तापवणे महाग पडेल. पण लालबागच्या परिसरात, म्हणजे जुन्या कापड गिरण्यांच्या गिरणगावात, मनोऱ्यांच्या तळघरांसाठी माती उपसली जातेच. ती अन्यत्र टाकण्यापूर्वी तपासणे, ही पहिली आणि स्वस्त पायरी होय. दूषित स्थळांच्या व्यवस्थापनासाठी केंद्र सरकारने 2025 मध्ये स्वतंत्र नियम केले असून शुद्धीकरणाचा खर्च प्रदूषण करणाऱ्यानेच सोसावा, हे तत्त्व त्यांत आहे.