पोस्टाच्या पाकिटातले मासे

म्हातारपण नक्की का येतं यावर डोकं खपवणाऱ्या बऱ्याच प्रयोगशाळांत आज उंदरांच्या जोडीला एक बोटाएवढा आफ्रिकन मासा असतो. नाव नोथोब्रँकियस फर्झेरी. (एकदा मोठ्याने म्हणून बघा. मला दोन दिवस लागले.) प्रयोगशाळेत वाढवता येणाऱ्या पृष्ठवंशीय प्राण्यांमध्ये याचं आयुष्य सर्वांत कमी, म्हणून त्याचं एवढं कौतुक. मला मात्र त्याच्या आयुष्यापेक्षा त्याचा प्रवास जास्त रंजक वाटतो. कारण तीसेक वर्षं हा मासा ज्यांनी जिवंत ठेवला ते बहुतेक सगळे हौशी लोक होते: दिवसा आपापली नोकरी आणि रात्री फिशटँकसमोर बैठक.

आधी नावाचा घोळ मिटवू. किलीफिशचा इंग्रजीतल्या मारामारीशी काही संबंध नाही. डच भाषेत ओढ्याला 'किल' म्हणतात, त्यावरून हे नाव पडलं असं मानतात. या गोतावळ्यात हजारावर जाती आहेत आणि त्यातल्या काही आपल्याकडच्याही. कोकण-गोव्याच्या ओहोळांत पाण्याच्या अगदी वरच्या थरात, डोक्यावर चमकता ठिपका मिरवत फिरणारा पट्टेरी पँचॅक्स हा किलीच. १८४६ साली त्याचं शास्त्रीय वर्णन झालं ते मुंबईच्या नमुन्यांवरून. पण आपला पँचॅक्स सुखवस्तू. पाणवनस्पतींवर अंडी घालतो आणि काही वर्षं आरामात जगतो.

नोथोब्रँकियसचं तसं नाही. त्याची वस्ती आफ्रिकेतल्या सव्हानाच्या डबक्यांत. पाऊस आला की डबकं भरतं, काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी आटतं आणि त्यातला एकूण एक मासा मरतो. मागे उरतात चिखलातली अंडी, जेमतेम एक मिलिमीटरची. आतला गर्भ वाढता वाढता मध्येच थांबून राहू शकतो. असे तीन थांबे असतात हे १९७२ मध्ये जॉन वूर्म्सने दाखवलं. गंमत म्हणजे सगळी अंडी एकाच वेळी जागी होत नाहीत. शहाणा शेतकरी मृगाच्या पहिल्या सरीला घरातलं सगळं बियाणं पेरून मोकळा होत नाही, तसंच. पहिला पाऊस फसवा निघाला तरी काही अंडी पुढच्यासाठी शिल्लक असतात. आणि जी फुटतात त्यांना दम नसतो. मोझांबिकच्या डबक्यांतल्या फर्झेरीचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात अंड्यातून बाहेर पडल्यापासून चौदा दिवसांत प्रजननक्षम झालेले मासे सापडले होते.

अशा 'वार्षिक माशां'वर जॉर्ज मायर्स या मत्स्यशास्त्रज्ञाने १९५२ मध्ये एक महत्त्वाचा लेख लिहिला. तो छापून आला 'अ‍ॅक्वेरियम जर्नल'मध्ये, म्हणजे मासे पाळणाऱ्यांच्या मासिकात. हे लक्षात ठेवा, पुढे पुन्हा असंच होणार आहे.

आता विचार करा, दुसरा कुठलाही मासा मित्राला पाठवायचा तर पिशवीत पाणी हवं, ऑक्सिजन हवा, वेळेवर पोचवणारा देवमाणूस हवा. वार्षिक किलीची अंडी ओलसर पीटमध्ये ठेवायची, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करायची आणि पाकिटात घालून चक्क पोस्टात टाकायची! घेणाऱ्याने ठरलेले आठवडे वाट बघायची, मग वर पाणी ओतायचं. काही तासांत पिल्लं पोहायला लागतात आणि ब्राइन श्रिम्पची ताजी पिल्लं खायला मागतात. १९६० च्या दशकात अमेरिका, ब्रिटन, जर्मनीत किलीपालकांच्या संघटना उभ्या राहिल्या, आणि त्यांच्या देवाणघेवाणीला या पाकिटांनी मोठाच हात दिला.

पाकिटावर काय लिहायचं याबाबत मात्र ही मंडळी भलती कर्मठ. माशाची जात, कुठल्या डबक्यातून आणला ते ठिकाण, असल्यास संकलनाचा कोड. आणि एकाच जातीचे असले तरी दोन ठिकाणचे मासे एका टाकीत सोडायचे नाहीत म्हणजे नाहीत. बाहेरच्याला हे सोवळंच वाटेल. पण त्यामागे कारण होतं. योर्गेन शील या डॅनिश लष्करी अधिकाऱ्याने किलींचे संकर करून, गुणसूत्रं मोजून दाखवलं होतं की दिसायला जवळजवळ सारखे मासे आतून फार वेगळे असू शकतात. त्याचा जाडजूड ग्रंथ १९६८ चा. आमच्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक डबकं ही एक ब्रँच, आणि मर्ज करायला सक्त मनाई, कारण इथे एकदा मर्ज केलं की रिव्हर्ट नाही.

याच सुमारास, १९६० च्या दशकाच्या अखेरीस, रिचर्ड फर्झर नावाच्या संग्राहकाने आजच्या झिम्बाब्वेच्या (तेव्हाच्या ऱ्होडेशियाच्या) आग्नेय टोकाला गोनारेझू अभयारण्यातल्या डबक्यातून काही मासे आणले. १९७१ मध्ये जब यांनी त्या जातीचं वर्णन करून तिला फर्झरचं नाव दिलं. छापलं कुठे? अमेरिकन किलीफिश असोसिएशनच्या स्वतःच्या नियतकालिकात. गोनारेझूवरून त्या वंशाला 'जीआरझेड' हे लेबल मिळालं.

मग त्या भागात युद्ध पेटलं. आधी ऱ्होडेशियाचं, १९८० मध्ये झिम्बाब्वे स्वतंत्र होईपर्यंत, आणि सीमेपलीकडे मोझांबिकची यादवी १९९२ पर्यंत. टाकीतले मासे मेले तर जाऊन नवे आणू, हा पर्याय फारसा उरला नाही. आणि हा मासा असा की दर काही महिन्यांनी पुढची पिढी उभी करावीच लागते. कुणी आजारी पडलं, कुणाचं घर बदललं, कुणाचा उत्साह संपला, तरी पीटची एक पिशवी कुणाकडे तरी असायची आणि तिच्यावर तेच लेबल असायचं. पगार नाही, अनुदान नाही, आणि याचा पुढे कुणाला उपयोग होईल ही कल्पनाही नाही. हौसेला मोल नाही म्हणतात ते असं.

२००३ मध्ये स्तेफानो वाल्देसालिची हा इटालियन किलीपालक आणि अलेस्सांद्रो चेलेरिनो हा मेंदूशास्त्रज्ञ यांनी मिळून एक छोटा शोधनिबंध लिहिला. प्रयोगशाळेतले जीआरझेडचे मासे बारा आठवडेही जगत नाहीत, आणि वय वाढेल तसा मृत्यूदरही वाढत जातो, म्हणजे ते खरोखर म्हातारे होऊन मरतात. उंदीर म्हातारा व्हायला दोन-तीन वर्षं थांबावं लागतं, हे लक्षात घेतलं की या आकड्याची किंमत कळते. २००६ मध्ये एका रसायनाने या माशांचं आयुष्य वाढल्याचं प्रसिद्ध झालं. २०१५ मध्ये दोन गटांनी त्याचा जीनोम मांडला. २०१७ मध्ये तरुण माशांच्या आतड्यातले जिवाणू मध्यमवयीन माशांना दिल्यावर ते जास्त जगल्याचं दिसलं.

आता एक शंका, आणि ती रास्त आहे. तीस वर्षं थोड्याशा माशांतून पुढे आलेला वंश म्हणजे भाऊबंदांतलीच लग्नं. जनुकांमधली विविधता जवळजवळ संपलेली. जीनोम जुळवायला हे सोयीचंच होतं, पण मग अल्पायुष्य हा गोनारेझूचा गुण की फिशटँकचा दोष? २००४ मध्ये मोझांबिकमधून आणलेले वंश त्याच परिस्थितीत जीआरझेडपेक्षा जास्त जगले. पुढे २०१९ मध्ये एका मोठ्या अभ्यासात दिसलं की जास्त कोरड्या भागातल्या रानटी फर्झेरीतही लहान लोकसंख्येमुळे घातक बदल साठत जातात. म्हणजे सगळं खापर टाकीवर फोडता येत नाही. पण मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की लेबल नसतं तर हा प्रश्न विचारताच आला नसता. तुलना कशाशी करणार?

म्हणून हौशी लोकांच्या हाती मासे सुरक्षित असतात असं कुणी समजू नये. मेक्सिकोत नुएवो लेऑन राज्यात एल पोतोसी नावाचा झरा होता. त्यात मेगुप्सिलॉन अपोरस हा किली राहायचा, आपल्या प्रजातीतला एकुलता एक. नरातलं 'वाय' गुणसूत्र अवाढव्य, त्यावरूनच नाव पडलेलं. शेतीसाठी भूजल उपसलं गेलं, बाहेरून बास मासे सोडले गेले, आणि १९९४ पर्यंत निसर्गातून तो संपला. टाक्यांमध्ये काही होते, पण ते जपणं अवघड ठरलं. या अंड्यांना पाकिटात बसून महिनोन्‌महिने वाट बघणं जमत नव्हतं. शेवटचा नर २०१४ मध्ये डॅलसच्या मत्स्यालयात मेला. त्याच झऱ्यातला दुसरा मासा, सिप्रिनोडॉन अल्वारेझी, निसर्गातून गेला तरी टाक्यांमध्ये टिकला. तो पाळणारे आजही लेबलवर झऱ्याचंच नाव लिहितात.