तीन इंजिनांची मावशी

स्वित्झर्लंडच्या हवाई दलानं १९३९ मध्ये जर्मन बनावटीची तीन युंकर्स यू-५२ विमानं घेतली आणि ती १९८१ पर्यंत वापरली. असं ऐकलं की आम्ही मेंटेनन्सवाले आधी तिथल्या मेकॅनिकांना मनातल्या मनात नमस्कार करतो, मग तिथल्या हिशेबनिसांना. हवाई दलाला ती नकोशी झाली तेव्हा झुरिकला लागून असलेल्या ड्युबेनडॉर्फच्या तळावरच्या हौशी मंडळींनी ती मोडीत जाऊ दिली नाहीत. १९८२ मध्ये त्यांनी ‘यू-एअर’ नावाची संस्था काढली आणि तिकीट लावून लोकांना आल्प्सवरून फिरवायला सुरुवात केली. कुठं पोचायचं नाही, कसली घाई नाही. जुन्या प्रवासी विमानात बसायचं म्हणून बसायचं. युरोपात ही हौस पुढं चांगलीच फोफावली. जर्मनीत लुफ्तान्सानं १९३६ सालची एक यू-५२ अमेरिकेतून परत आणून नवी केली आणि १९८६ पासून तीही प्रवाशांना घेऊन उडायला लागली. जर्मन बोलणारे लोक या विमानाला ‘टांटे यू’, म्हणजे यू मावशी म्हणतात.

माझी मुलगी ड्युबेनडॉर्फच्या जवळच राहते. उन्हाळ्यात आम्ही दोघं तिच्याकडे गेलो की दुपारी केव्हातरी मावशी डोक्यावरून जायची. आधी आवाज यायचा आणि बऱ्याच वेळानं विमान दिसायचं, कारण तिचा वेग ताशी १८० किलोमीटरच्या आसपास. तीन इंजिनांचे फेरे तंतोतंत जुळलेले नसले की आवाजात एक हेलकावा येतो, घूं-ऊं-घूं-ऊं असा. बायकोला त्याची कटकट वाटे. मी मात्र हातातला चहा तसाच ठेवून गॅलरीत जायचो. सांताक्रूझच्या हँगरमध्ये मी उमेदवारी केली ती डकोटा विमानांच्या अखेरच्या दिवसांत, त्यामुळे वर्तुळात सिलिंडर मांडलेल्या रेडियल इंजिनाचा आवाज कानात पक्का बसलेला. जेट आल्यावर विमान ओरडायला लागलं. त्याआधी ते बोलायचं, आणि काय दुखतंय ते जुना मेकॅनिक डोळे मिटून सांगायचा.

शेवटी जावयानं साठीचं निमित्त काढून तिकीट हातात ठेवलं. जवळ गेल्यावर पहिल्यांदा नजरेत भरतो तो पत्रा. आपल्याकडच्या शेडवर असतो तसा पन्हळी पत्रा, नाकापासून शेपटीपर्यंत. ह्यूगो युंकर्स यांचा तो आग्रहच होता: ड्युरालुमिनचा पातळ पत्रा पन्हळी केला की तो ताठ राहतो, आतला सांगाडा हलका करता येतो आणि विमान धक्के सोसतं. पन्हळी उड्डाणाच्या दिशेनं लांबट असल्या तरी हवेला त्यांचा अडसर होतोच, हे नंतर ध्यानात आलं. पण मजबुतीपुढं तेव्हा कुणी ते मनावर घेतलं नाही. या मूळ कल्पनेवर एर्न्स्ट त्सिंडेल यांनी विमानाचा आराखडा केला. १९३० मध्ये ते एका इंजिनावर उडालं, १९३२ मध्ये तीन इंजिनांवर. ती इंजिनं बीएमडब्ल्यूची, पण वंश अमेरिकन: प्रॅट अँड व्हिटनीच्या ‘हॉर्नेट’चा परवाना घेऊन केलेली. अशी सुमारे ४,८०० विमानं बनली.

आत मधोमध चिंचोळी वाट, दोन्ही अंगांना एकेक खुर्ची. म्हणजे प्रत्येकाला खिडकी, आणि खिडकी चांगली ऐसपैस. शेपटीखाली चाक असल्यानं उभं विमान मागं कललेलं असतं. आपल्या जागेवर जायचं म्हणजे चढण चढायची. माझ्याबरोबर बहुतेक माझ्याच वयाचे लोक होते, नातवंडांनी पाठवलेले. इंजिन सुरू होताना पातं दोनचारदा अडखळलं, निळसर धुराचा लोट खिडकीवरून गेला आणि बाया-बाप्यांनी टाळ्या वाजवल्या. इंजिनातून धूर आल्यावर टाळ्या! आमच्या हँगरमध्ये अशा वेळी इन्स्पेक्टर शिव्या हासडत धावत यायचा. (खरं तर तो धूर निरुपद्रवी. रेडियल इंजिन बंद असताना खालच्या सिलिंडरांत तेल उतरतं, सुरू करताना ते जळतं. डकोटाला आम्ही त्यासाठीच पाती आधी हातानं फिरवून घ्यायचो. साचलेल्या तेलावर पिस्टन आपटला तर कनेक्टिंग रॉडच वाकायचा.)

हवेत गेल्यावर मजा कळली. केबिनमध्ये दाब भरलेला नाही, म्हणून विमान उंच जात नाही, म्हणून खाली कुरणातल्या गायी दिसतात. पंखाच्या मागच्या कडेला एक वेगळी पट्टी लोंबते, तीच फ्लॅप आणि तीच एलेरॉन. वैमानिकानं चाक वळवलं की ती हललेली दिसते, आणि मग विमान वळतं. आजच्या एअरबसमध्ये बसलेल्या माणसाला पडद्यावरचा नकाशा तेवढा दिसतो. इथं कारण आणि परिणाम दोन्ही खिडकीतून दिसतात. शेजारच्या आजोबांना मोडक्या जर्मनमध्ये मी ते दाखवलं तर त्यांनी मलाच वैमानिकांपैकी समजून हात मिळवला.

या हौसेला शौकीन लोक मागच्या सुवर्णकाळाची आठवण म्हणतात, ते मला पटत नाही. सुवर्णकाळ कुणाचा? यू-५२ लुफ्त हान्साची प्रवासी गाडी होती हे खरं, पण हिटलरही तिच्यातूनच फिरायचा, आणि एप्रिल १९३७ मध्ये स्पेनमधल्या गेर्निका गावावर बॉम्ब टाकणाऱ्या विमानांत यू-५२ होती. दुसऱ्या महायुद्धात क्रीट बेटावर जर्मन छत्रीधारी सैनिक उतरवले ते हिनंच. आणि ज्यांचं नाव विमानावर आहे त्या युंकर्सना नाझींनी १९३३ मध्ये पेटंटं आणि कारखाना सोडायला लावला, घरात नजरकैदेत ठेवलं. १९३५ मध्ये ते गेले. आमच्या फेरीआधी वाटलेल्या रंगीत पत्रकात यातलं अवाक्षर नव्हतं. मावशीच्या पूर्वायुष्याबद्दल चारचौघांत बोलायचं नसतं बहुधा.

आपल्याकडे जुनं विमान हौसेचं नव्हतंच, ते गरजेचं होतं. महायुद्ध संपल्यावर अमेरिकन लष्कराच्या शिल्लक डकोटा स्वस्तात मिळाल्या आणि त्यांच्यावर देशातल्या कंपन्या उभ्या राहिल्या. १९५३ मध्ये त्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स झाली तेव्हाही ताफ्यात बहुतांश डकोटाच. नागपूरकरांना रात्रीची टपाल विमानं आठवत असतील. १९४९ मध्ये सुरू झालेल्या त्या सेवेत मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास इथून निघालेली विमानं मध्यरात्री सोनेगावला जमायची, टपालाच्या थैल्या आणि माणसं आपसांत बदलायची आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परतायची. त्या प्रवाशांतलं कुणी खाली उतरून इंजिनाचा फोटो काढत नसे, झोपेत चहा शोधत असे. हौसेनं मागं वळून उडणारा माणूस आपल्याकडे ठळक असा एकच दिसतो. जेआरडी टाटांनी १९३२ च्या कराची-मुंबई टपाल उड्डाणाला पन्नास वर्षं झाली म्हणून १९८२ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, लेपर्ड मॉथ हे जुनं विमान तेच अंतर स्वतः चालवत आणून जुहूला उतरवलं. तेही प्रवासी घेऊन नव्हे.

प्रवासी घेतले की हिशेब बदलतो. ४ ऑगस्ट २०१८ ला ड्युबेनडॉर्फच्या तीन विमानांपैकी एचबी-एचओटी हे लोकार्नोहून परत येत होतं. ग्राउब्युंडन प्रांतात पित्स सेग्नास या शिखराच्या नैर्ऋत्येला डोंगरांनी वेढलेल्या एका खळग्यात ते शिरलं आणि जवळजवळ उभं जमिनीवर आदळलं. सतरा प्रवासी, दोन वैमानिक, एक हवाई सेविका. कुणी वाचलं नाही. मुलीनं फोनवर सांगितलं तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा पंख आला. एवढ्या वर्षांचा धातू, थकला असणार. मेकॅनिकचं मन आधी धातूकडेच जातं.

चौकशीचा अहवाल जानेवारी २०२१ मध्ये आला. धातूनं घात केला नव्हता. वैमानिकांनी विमान त्या खळग्यात फार खाली, फार हळू आणि माघार घ्यायला वाटच राहणार नाही अशा रेषेवर नेलं. डोंगराच्या हवेचे चढउतार तिथं येणारच होते. विमानाचा गुरुत्वमध्यही मर्यादेच्या मागं गेलेला होता, त्यामुळं ताबा सुटणं सोपं झालं. दोन्ही वैमानिक हवाई दलात मुरलेले, हजारो तास उडालेले. अशी जोखमीची उड्डाणं त्या संस्थेत एका दिवसाची नव्हती, सवयीची होती, हेही अहवालात आहे, आणि देखरेख करणाऱ्या नागरी उड्डाण कार्यालयाला ते दिसलं नाही, हेही.

धातू अगदीच निर्दोष सुटला असं मात्र नाही. तपासणीत गंज सापडला, भेगा सापडल्या, इंजिनं मूळची ताकद देत नव्हती, काही सुटे भाग रीतसर कागदांशिवाय बनवलेले होते. अपघाताचं कारण ते नव्हे, असं अहवाल सांगतो. पण कारखानाच उरलेला नसताना सुटे भाग आणणार कुठून? आमच्याकडे एखादा बोल्टसुद्धा दाखल्याशिवाय बसवला तर नोकरी जायची. तिथं प्रेमानं, रविवारी येऊन काम करणारी माणसं होती, आणि प्रेमळ माणसाला ‘दाखला कुठाय?’ असं विचारणं जड जातं. मी स्वतः त्या दिवशी तिकीट दाखवून निमूट चढलो होतो. कुठल्या रांगेत किती वजनाची माणसं बसवली आहेत हे विचारावंसं मला वाटलं नाही, कुणालाच वाटलं नाही.

मार्च २०१९ मध्ये यू-एअरला पैसे घेऊन प्रवासी नेण्याची बंदी झाली. लुफ्तान्सानंही त्याच सुमारास आपली मावशी थांबवली. तिथं प्रश्न खर्चाचा होता. इंग्लंडात कोव्हेंट्रीहून उडणाऱ्या प्रवासी डकोटा २००८ मध्येच युरोपच्या नव्या नियमांपायी बंद पडल्या होत्या. जुन्या मोटारीची टायरं आणि रेडिओ बदलता येतात, पण १९४३ च्या विमानाला आजच्या विमानाची संकटकालीन घसरगुंडी बसवायची म्हणजे त्याचं विमानपणच काढून घ्यायचं. नियम करणाऱ्यांचं चूक आहे असंही मी म्हणणार नाही.

तरी एक वाट मला दिसली. स्वीडनमध्ये ‘डेझी’ नावाची १९४३ सालची एक डीसी-३, म्हणजे डकोटाच, आहे. ती एका हौशी मंडळाची आहे, आणि तिच्यात बसायचं तर आधी सभासद व्हावं लागतं. विमान उडवणारा आणि बसणारा एकाच बाजूचे, विकणारा-घेणारा नव्हे. सभासदाला प्रश्न विचारायचा हक्क असतो, ही यातली माझ्या मते मोठी गोष्ट. जावयाच्या मदतीनं मी चौकशीचं पत्र लिहिलंय. वर्गणी किती, उडण्याचा हंगाम कोणता, आणि प्रत्येक फेरीचा वजन-तोलाचा तक्ता सभासदाला बघायला मिळतो का. जावई म्हणतो, शेवटचा प्रश्न काढून टाका, बरं दिसत नाही. मी तो पहिल्या क्रमांकावर घेतला.