उपरण्याचा रंग आणि स्कॉटलंडचा चौकडा

लग्न असो की मोर्चा, आपल्याकडे आता आधी गळ्यातल्या उपरण्याचा रंग बघतात, मग माणूस. रुमाल कुठल्या रंगाचा, गाडीवर झेंडा कुठला, यावरून कोण कुणाचा हे शाळेतली पोरंसुद्धा सांगतात. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "हा आमचा रंग आहे, पिढ्यान्‌पिढ्यांचा."

या "पिढ्यान्‌पिढ्यां"चा हिशोब एका देशात कागदपत्रं काढून तपासला गेलाय. तो देश स्कॉटलंड. लांबचा विषय वाटेल, पण त्याचं एक टोक आपल्या मराठवाड्यात आहे.

२३ सप्टेंबर १८०३. भोकरदनच्या बाजूला केळणा आणि जुई नदीच्या मधे असई गाव. एका बाजूला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजा, दुसऱ्या बाजूला आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढे वॉटर्लूत नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. निजाम तेव्हा इंग्रजांच्या बाजूने. वेलस्लीच्या फौजेत दोन पलटणी स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या होत्या, ७४ वी आणि ७८ वी. ७४ वी पलटण शिंद्यांच्या तोफांसमोर चुकून फार पुढे गेली आणि तिची चारशेच्या आसपास माणसं मारली गेली किंवा जखमी झाली. या लढाईची आठवण म्हणून दोन्ही पलटणींना हत्तीचं चिन्ह मिळालं.

या ७८ व्या पलटणीचा स्वतःचा चौकडा होता. गर्द हिरवा, निळा, काळा आणि त्यावर पांढरी व लाल रेघ. चौकडा म्हणजे टार्टन, किल्टचं लोकरी कापड. किल्ट म्हणजे पुरुषांनी कमरेला गुंडाळायचं चुण्यांचं वस्त्र. चांगल्या किल्टला साधारण आठ वार कापड लागतं, म्हणजे आपल्या नऊवारीपेक्षा एक वार कमी. आपली समजूत अशी की स्कॉटलंडमध्ये प्रत्येक कुळाचा चौकडा हजार वर्षांपासून ठरलेला आहे, आणि रंगावरून कुळ कळतं.

कागदपत्रं वेगळंच सांगतात.

जुन्या काळी तिथला विणकर गावात मिळणाऱ्या झाडपाल्याचे, मुळांचे रंग वापरायचा. चांगला निळा हवा तर नीळ विकत आणायची, आणि त्यात आपल्या हिंदुस्थानची नीळही असायची. ज्याला जे परवडलं ते त्याने नेसलं. ग्रँट घराण्यातल्या लोकांची अठराव्या शतकातली तैलचित्रं आहेत. घराणं एकच, पण एकाचा चौकडा दुसऱ्याशी जुळत नाही.

१७४६ साली कलोडनच्या माळावर शेवटची मोठी लढाई झाली. दोन्ही बाजूंना स्कॉटिश माणसं होती, काही घरांत तर भाऊ भावाविरुद्ध. आपला कोण, परका कोण हे चौकड्यावरून ओळखता येत नव्हतं, म्हणून टोपीवर फीत लावायचे. बंडखोरांची पांढरी, सरकारी बाजूची काळी. लढाईनंतर सरकारने डोंगराळ भागातल्या पुरुषांना हा पोशाखच बंद केला. पहिल्यांदा सापडला तर सहा महिने कैद, दुसऱ्यांदा सात वर्षं काळं पाणी. बंदी उठली १७८२ साली. मधल्या काळात एक पिढी गेली.

बंदीतून सूट होती फक्त लष्कराला. त्यामुळे चौकडा जगला तो सरकारी पलटणीत. सरकारी नमुना एकच होता, गर्द हिरवा-निळा-काळा. नवी पलटण उभी राहिली की वेगळं दिसण्यासाठी त्यावर एखादी रेघ वाढवायची. गॉर्डन पलटण उभी करताना हंटली गावच्या विल्यम फोर्सिथ नावाच्या व्यापाऱ्याने ड्यूकला पिवळ्या रेघांचे नमुने दाखवले. एक रेघ, दोन रेघा, तीन रेघा. ड्यूकने एक रेघेचा निवडला. झाला गॉर्डनांचा चौकडा! आपण दुकानात साडीचा काठ निवडतो तसं. असईला लढलेल्या ७८ व्या पलटणीचा चौकडाही मुळात तोच सरकारी नमुना, वर दोन रंगांच्या रेघा.

पुढची गंमत १८१५ ची. लंडनच्या हायलँड सोसायटीने कुळांच्या प्रमुखांना कळवलं की आपापल्या कुळाच्या चौकड्याचा तुकडा सही-शिक्क्यासह पाठवा. कित्येकांना आपला चौकडा कुठला हेच माहीत नव्हतं. मग धावाधाव. बॅनॉकबर्न गावात विल्सन नावाची विणकरांची पेढी होती, पलटणींना कापड पुरवणारी. तिच्याकडे नमुने तयार होते, नुसती नावं द्यायची बाकी. इतिहासकार ह्यू ट्रेव्हर-रोपर यांनी दाखवलंय की मॅकफर्सन कुळाचा म्हणून गाजलेला चौकडा आधी "किड" नावाने विकला जायचा, कारण किड नावाच्या गिऱ्हाइकाने तो वेस्ट इंडिजमधल्या गुलामांच्या कपड्यांसाठी घाऊक घेतला होता. त्याच्याही आधी त्या नमुन्याला नुसता नंबर होता.

१८२२ साली राजा चौथा जॉर्ज एडिनबरोला आला. सोहळ्याची आखणी केली कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने. सगळ्यांनी आपापल्या कुळाच्या पोशाखात यावं असा आग्रह. विल्सनच्या मागांना उसंत राहिली नाही. "पुरातन परंपरा" म्हणून आज जे दिसतं, त्यातला बराच भाग या दहा-वीस वर्षांतला आहे.

आजही किल्ट शिवायला गेलं की दुकानदार आधी कुळ विचारतो, मग छटा विचारतो. एकच चौकडा तीन तऱ्हेने मिळतो. "मॉडर्न" म्हणजे गडद. "एन्शंट" म्हणजे फिका, जुन्या वनस्पती-रंगांसारखा दिसणारा. "वेदर्ड" म्हणजे मातीत पुरून विटल्यासारखा, हिरव्याचा तपकिरी आणि निळ्याचा राखाडी झालेला. तिन्ही छटा कारखान्यातच तयार होतात. जुनेपणासुद्धा गिऱ्हाइकाच्या पसंतीने रंगवून मिळतो.

मग हे सगळं खोटं का? मला तसं वाटत नाही. नातवाला आजोबाच्या किल्टचा अभिमान असतो, तो खरा असतो. दोनशे वर्षंही काही कमी नाहीत. आणि त्यांनी पुढे एक शहाणपणाचं काम केलं. २००९ पासून सरकारी नोंदवही सुरू आहे. कुणीही, अगदी एखादी शाळा किंवा संस्थाही, नवा चौकडा नोंदवू शकते. त्यावर तो कधीचा आणि कुणी केला ते लिहिलेलं असतं. जुना असेल तर जुना, कालचा असेल तर कालचा. रंग मिरवायचा, पण त्याची जन्मतारीख लपवायची नाही.

आपल्याकडे अडचण तिथेच आहे. दहा-पंधरा वर्षांपूर्वी ठरलेला रंग आपण पणजोबांच्या नावावर लावतो आणि त्यावरून शेजाऱ्याशी बोलणं बंद करतो. ज्या पणजोबांचं नाव घेतो, त्यांच्या खांद्यावर बहुतेक घरांत घोंगडं असायचं, मेंढीच्या लोकरीचं, काळं. आणि उपरणी विकणाऱ्याच्या दुकानात जाऊन बघा, सगळे रंग एकाच फळीवर शेजारी-शेजारी रचलेले असतात. त्याला सगळी गिऱ्हाइकं सारखी.

घरात ऐंशीच्या पुढचं कुणी असेल तर त्यांना विचारा. त्यांच्या लग्नात फेटा कुठल्या रंगाचा होता, तो कुणी निवडला, का निवडला? जे उत्तर मिळेल ते इथे लिहा. केज तालुक्याची आपली एक नोंदवही त्यातून तयार होईल.