फिलिप्स याचा हस्तलिखितसंग्रह आणि लिलावाची किंमत

जुन्या हस्तलिखितास मोठी किंमत येऊं लागली म्हणजे तें आपोआप सुरक्षित होतें, असें मत संग्राहकमंडळींत वारंवार ऐकूं येतें. इंग्लंडांतील सर टॉमस फिलिप्स (इ. स. १७९२–१८७२) यानें हेंच मत आपल्या छापील यादीच्या प्रस्तावनेंत मांडलें होतें, व सारें आयुष्य तो त्याप्रमाणें वागला. त्याच्या संग्रहाचें पुढें काय झालें हें पाहिलें असतां या मताचें बल व त्याचें उणेपण हीं दोन्हीं कळून येतात. म्हणून तो वृत्तांत येथें देण्याचें योजिलें आहे.

फिलिप्सचा बाप मँचेस्टरचा कापडाचा कारखानदार. त्याच्या पश्चात् मिळालेल्या इस्टेटीचें उत्पन्न मुलानें ग्रंथांवर उधळलें. काळहि तसाच होता. फ्रान्समधील राज्यक्रांति व त्यामागून आलेलीं युद्धें यांमुळें मठांचीं व सरदारघराण्यांचीं ग्रंथालयें फुटलीं होतीं, आणि चर्मपत्रावरील जुने लेख वर्ख ठोकणारे, सरस करणारे व शिंपी यांच्या हातीं जात होते. आपल्याकडील मोडी दफ्तरें पुड्या बांधण्यासाठीं वाण्याच्या दुकानीं गेलीं, त्यांतलाच हा प्रकार. फिलिप्सचें म्हणणें असें कीं, मागेल ती किंमत आपण देऊं लागलों म्हणजे चर्मपत्राला मोल आहे हें लोकांस कळेल व तें फाडण्यापूर्वीं ते विचार करतील. इ. स. १८२४ सालीं हेग येथें झालेल्या मीरमान संग्रहाच्या लिलावांत, आणि १८३६ सालीं रिचर्ड हेबरचीं हस्तलिखितें लंडनांत निघालीं तेव्हां, त्यानें मोठी खरेदी केली. दुकानदारांचीं बिलें मात्र वर्षानुवर्षें थकत. त्याच्या चढ्या बोलीमुळें किती ग्रंथ वांचले तें सांगतां येत नाहीं. परंतु पैसे न मिळाल्यामुळें हैराण झालेल्या ग्रंथविक्रेत्यांची कींव आम्हांस आल्यावांचून राहत नाहीं.

अखेरीस सुमारें साठ हजार हस्तलिखितें त्याजकडे जमलीं. मिडल हिल येथील वाड्यांत माणसांस वावरण्यास जागा उरली नाहीं. आग लागल्यास झटपट बाहेर काढतां यावींत म्हणून ग्रंथ लांबट पेट्यांत ठेवून, त्या पेट्या एकीवर एक रचलेल्या असत. प्रत्येकीची पुढली फळी बिजागरीवर खालीं उघडे. १८६३ पासून हा पसारा चेल्टनहॅम येथील वाड्यांत हालविला, तेव्हां शंभरांवर गाड्या लागल्या. मुलीनें मनाविरुद्ध लग्न केलें म्हणून जांवई हॅलिवेल याजवर त्याचा जन्मभर रोष होता. त्यानें मृत्युपत्रांत असें बजावलें कीं, या घरांतून एकहि ग्रंथ हलूं नये, आणि हॅलिवेल किंवा कोणीहि रोमन कॅथोलिक यांनीं संग्रहास हात लावूं नये.

अशा मृत्युपत्रांचें व्हावयाचें तेंच झालें. वारसांजवळ वाडा राखण्यापुरताहि पैसा नव्हता. १८८५ सालीं न्यायालयानें विक्रीची परवानगी दिली व १८८६ पासून लंडनांतील सदबी यांच्या लिलावगृहांत फिलिप्सचे ग्रंथ पुकारले जाऊं लागले. १९४६ सालीं उरलेला भाग रॉबिन्सन बंधूंनीं एक लाख पौंडांस घेतला, तरीहि लिलाव पुढें अनेक वर्षें चाललेच होते. म्हणजे जो संग्रह एका माणसानें पन्नास वर्षांत जमविला, तो विकण्यास त्याहून कितीतरी अधिक काळ लागला.

इतकी पांगापांग होऊनहि फिलिप्सचा संग्रह अभ्यासकास हरवलेला नाहीं. याचें कारण त्यानें दिलेली किंमत नव्हे. त्यानें स्वतःच्या छापखान्यांत आपल्या हस्तलिखितांची यादी छापून घेतली. तींत तेवीस हजारांहून अधिक क्रमांक आहेत. तो क्रमांक ग्रंथाच्या पाठीवर कागदी चिठ्ठीनें डकविलेला असे. आज तें हस्तलिखित बर्लिनमध्यें असो वा अमेरिकेंत, क्रमांक सांपडला कीं तें कोणत्या लिलावांतून, कोणत्या मठाच्या ग्रंथांबरोबर आलें याचा माग काढतां येतो. ग्रंथ फुटले नाहींत, फक्त त्यांचीं घरें बदललीं.

किंमत वाढली म्हणून ग्रंथच फुटल्याचें उदाहरण याच्या अगदीं उलट आहे. इराणचा शाह तहमास्प याजसाठीं तब्रीझ येथें तयार झालेल्या शाहनाम्याच्या प्रतींत ७५९ पानें व २५८ चित्रें होतीं. १५६८ सालीं ती प्रत तुर्की सुलतान दुसरा सलीम याजकडे नजराणा म्हणून गेली व तीन शतकांहून अधिक काळ अखंड राहिली. १९५९ सालीं ती अमेरिकन धनिक आर्थर हॉटन यानें घेतली आणि नंतर चित्रांचीं पानें सुटीं केलीं. अठ्ठ्याहत्तर चित्रें न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयास मिळालीं. १९७६ व १९८८ सालीं कांहीं पानें लंडनांत क्रिस्टी यांच्या लिलावांत गेलीं. १९९४ सालीं उरलेला ग्रंथ इराणनें एका आधुनिक चित्राच्या मोबदल्यांत परत घेतला, त्यांत चित्रें होतीं ११८. २०११ सालीं यांतील एका पानास लिलावांत चौऱ्याहत्तर लक्ष पौंडांवर किंमत आली. हार्वर्ड विद्यापीठाचें दुर्मिळ ग्रंथांचें ग्रंथालय ज्याच्या नांवानें ओळखलें जातें, त्याच गृहस्थाच्या हातून हें घडावें! पानाला इतकें मोल आलें म्हणून पान वांचलें, हें खरें; पण त्याच मोलानें ग्रंथ मारला. जुन्या नकाशासंग्रहांचे खंड उसवून एकेक नकाशा चौकटींत बसवून विकण्याचा प्रघातहि याच जातीचा आहे.

आपल्याकडील मोडी पत्रांस हा धोका अधिक आहे, तो असा. पुष्कळ पत्रांच्या शेवटीं नुसता चंद्र व महिना असतो, साल नसतें. तें साल त्याच रुमालांतील शेजारच्या कागदांवरून ठरवावें लागतें. रुमाल सोडून पत्रें वेगळीं केलीं कीं काळ गेला.

आमच्याच अनुभवांतील एक गोष्ट येथें नमूद करतों. एका जुन्या घराण्याच्या चीजवस्तूंच्या विक्रींत आम्हीं पत्रांचें एक पुडकें बोली करून घेतलें. विकणारानें रुमाल टाकून देऊन पत्रें शिक्क्यांच्या सुबकपणाप्रमाणें लावलेलीं होतीं व तशींच निरनिराळ्या गिऱ्हाइकांस दिलीं. आमच्या वांट्यास आलेल्या एका पत्रावर ‘छ ११ रमजान’ इतकेंच आहे. मजकुरांत नदीस पूर आल्यामुळें फौज अडकल्याचा उल्लेख आहे, तेव्हां रमजान पावसाळ्यांत पडला होता एवढें निश्चित. पण असा योग सुमारें तेहतीस वर्षांच्या फेऱ्यानें येतो व प्रत्येक वेळीं कांहीं वर्षें सलग टिकतो. अक्षराच्या वळणावरून दोन फेरे संभवतात. निर्णय होत नाहीं.

त्याच विक्रींतील इतर पुडकीं ज्यांनीं घेतलीं, ते सद्गृहस्थ बहुधा या त्रैमासिकाचे वाचक असतील. त्यांनीं आपले कागद आम्हांस द्यावेत असें आमचें म्हणणें नाहीं. ज्या पत्रांत त्याच पुराचा किंवा त्याच मुक्कामाचा उल्लेख असेल, त्यांची नक्कल मात्र करून घेऊं द्यावी. आमच्याकडील पत्रांची नक्कल आम्ही त्यांस उलट पाठवूं.