ऊन पुरलं नाही तेव्हा

स्पेनमध्ये तिखटाच्या दोन तऱ्हा आहेत, आणि त्यांच्यातला फरक आभाळाने ठरवला आहे. आग्नेयेच्या मुर्सियात ऊन भरपूर, तिथली मिरची उन्हात वाळते. पश्चिमेला, एस्त्रेमादुरातल्या ला व्हेरा भागात, मिरची तोडायला येते तेव्हाच शरदाचा पाऊस सुरू होतो. म्हणून तिथे दुमजली वाळवणघरं आली: खाली ओकच्या लाकडांचा मंद जाळ, वर फटी ठेवलेल्या फळ्यांवर मिरची. दहा-पंधरा दिवस ती रोज हाताने उलटायची, मग दळायची. त्या ‘पिमेन्तोन’चा धुरकट वास म्हणजे मुळात माल कुजू नये म्हणून केलेली सोय. त्यातल्या गोड प्रकाराला तिखटपणा जवळजवळ नाहीच. रंग आणि धूर तेवढा.

तिथे याचं श्रेय युस्तेच्या मठाकडे जातं. सम्राट पाचवा चार्ल्स १५५७ साली त्याच मठात राहायला आला आणि पुढच्या वर्षी वारला, त्यामुळे पर्यटकांना गोष्ट आयतीच मिळते. धुरात उभं राहून मिरची उलटणाऱ्यांबद्दल मात्र कुणी सांगत नाही.

आणि युक्ती स्पेनच्या आधीची आहे. मेक्सिकोतल्या ‘चिपोत्ले’चं नाव नाहुआत्ल भाषेतलं, मिरची आणि धूर या दोन शब्दांचं. आज ती बहुधा हालापेन्योची करतात. हिचा गर जाड, उन्हात वाळण्याआधीच नासतो. म्हणजे इथे अडचण आभाळाची नाही, मिरचीच्या अंगाची. स्पॅनिशांनी ‘पिमिएन्ता’ या मिरीच्या नावावरून हिला ‘पिमिएन्तो’ केलं. आपणही मिरीवरूनच मिरची म्हणालो. दोघांनीही नव्या फळात ओळखीची मिरी पाहिली. ज्यांची ती होती त्यांच्या शब्दात मात्र हातचं काम शिल्लक आहे. १५२१ मध्ये तेनोच्तित्लान पडलं, तरी तो शब्द आज बंगळुरूच्या दुकानात डबीवर वाचायला मिळतो. मठाच्या गोष्टीपेक्षा मला तो पुरावा मोठा वाटतो.

इथली ब्याडगीही सौम्यच. पण पातळ सालीची, सुरकुतलेली. हावेरीच्या उन्हात ती निमूट वाळते, तिला धुराची गरज पडली नाही. माझ्या गच्चीतल्या कुंड्यांमध्ये हालापेन्यो आहे. ती झाडावरच लाल होऊ देते, उभी चिरते, बिया काढते आणि झाकणाच्या शेगडीत विझत्या निखाऱ्यांपासून दूर ठेवते. दिवस जातो, उरलेला ओलावा मंद ओव्हनमध्ये. अशी एक मिरची भिजवून वाटली की मसुराच्या आमटीला पुरते. पिमेन्तोन मात्र कडकडीत फोडणीत घालू नये, क्षणात करपून कडू होतं. आधी भांडं खाली उतरवावं.