परकथन (मराठीतील)

दुसऱ्याचे बोलणे आपल्या वाक्यात मांडण्याची रीत. मराठीत तिचा भार मुख्यतः ‘म्हणणे’ या क्रियापदावर आहे. संस्कृत ‘भण्’ हे त्याचे मूळ.

इगतपुरीच्या फलाटावर ‘ती घोटीला उतरेन म्हणाली’ असे कुणी बोलले तर त्यात वावगे काहीच नाही. ‘ती’ तृतीय पुरुषी, ‘उतरेन’ मात्र प्रथम पुरुषी. मूळ बोलणारीचे क्रियापद तसेच राहते, तरी उतरणार कोण याचा घोटाळा होत नाही. इंग्रजीच्या तासाला पुरुष आणि काळ बदलण्याचे जे नियम घोकावे लागतात, ते मराठी तोंडाला लागू नाहीत.

दुवा साधणारे शब्द दोन दिशांचे. ‘की’ फारसीतून आला आणि सांगायच्या मजकुराआधी बसतो: ‘तो म्हणाला की गाडी गेली’. ‘असे’ आणि ‘म्हणून’ मजकुरामागून येतात: ‘गाडी गेली असं तो म्हणाला’, ‘गाडी गेली म्हणून निरोप आला’. ही मागून येणारी रचना देशी वळणाची. संस्कृत ‘इति’, कन्नड ‘अंत’, तेलुगू ‘अनि’ याच पंगतीतले. दख्खनी बोलीत तेच काम ‘बोलके’ करते, तर मुंबईच्या हिंदीत ‘करके’.   

आज्ञेला दोन वाटा: ‘ये म्हणून सांग’ किंवा ‘यायला सांग’. विधानांसाठी वृत्तपत्रांनी निराळेच वळण रूढ केले: ‘आपण राजीनामा देणार नसल्याचे त्यांनी सांगितले’. इथला ‘आपण’ बातमीदार नव्हे, वाचकही नव्हे. तो ज्याचे बोलणे सांगितले त्याचाच. या छापील वाक्यात ‘मी’ची सोय अशी लावली आहे, पण घरात असे कुणी बोलत नाही.

‘म्हणे’ची तऱ्हा निराळी. ‘कसारा घाटात दरड कोसळली म्हणे’ यात कोण म्हणाले ते नाहीच. बातमी ऐकीव आहे, जबाबदारी माझी नाही, एवढे हा एकच शब्द सांगतो. स्वर जरा बदलला की अविश्वास, आणखी बदलला की टोमणा: ‘पाच मिनिटांत येतोय म्हणे!’